मर्ल हॉस्टेटरची निळी खूण

नॉर्ब कासुनिक कुठंही जायचा तेव्हा त्याचं पोट त्याच्या जरा आधी पोचायचं. अल्टूना गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. महिन्यातून एका रविवारी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये बेसबॉलच्या जुन्या कार्डांचा बाजार भरायचा, तेव्हा नॉर्बच्या टेबलाशेजारी हातभर जागा जास्त सोडायची, हे तिथं कुणी कुणाला सांगावं लागत नसे. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी टेबलं मांडणारा माणूस तापानं घरी पडला, मांडणी भलत्याच कुणी केली, आणि ती हातभर जागा राहून गेली.

नॉर्बला डोनट हवा होता. डोनटची परडी शेजारच्या टेबलापलीकडे होती. तो आडवा होऊन त्या फटीत शिरला, श्वास आत ओढला, अर्ध्यावर पोचला. पण माणसाला केव्हा ना केव्हा श्वास सोडावाच लागतो.

शेजारच्या टेबलाच्या काठाशी कर्ट ऑर्नडॉर्फनं ऐटीत उभा करून ठेवलेला खोका खाली पडला.

"हलू नकोस!" कर्ट ओरडला. "नॉर्ब, तुला देवाची शपथ, आहेस तिथंच थांब!"

आहेस तिथंच थांब म्हटल्यावर माणूस आधी खाली बघतो. नॉर्बला आपले पाय बघायचे तर पोटावरून वाकावं लागायचं, आणि वाकण्यासाठी एक पाऊल मागं घ्यावं लागायचं. त्यानं ते घेतलं. बुटाखाली काहीतरी कुरकुरलं.

"काय होतं रे ते?" त्यानं घाबरून विचारलं.

"च्युइंगम," कर्ट म्हणाला. त्याच्या आवाजातली हवाच गेली होती. "वयानं माझ्याहून थोडंच लहान होतं."

खोक्यावरचा जिलेटीनचा कागद कोपऱ्यात फाटला होता. झाकण वर आलं होतं आणि मेणकागदाची तीनचार पाकिटं फरशीवर घसरली होती. त्यातलं एक नॉर्बच्या पायाखाली चपटं होऊन फुटलं होतं. हॉलमधली घासाघीस एकदम थांबली. न उघडलेला खोका उघडा पडलेला बघायला माणसं टेबलं सोडून आली, आणि मयतासमोर काढतात तशा टोप्या काढायच्या की नाही अशा विचारात उभी राहिली.

बाहेरच्या कुणाला यात एवढं काय, असं वाटेल. ही पाकिटं एके काळी मिठाईच्या दुकानात गल्ल्याशेजारी मिळायची. आत खेळाडूंची कार्डं आणि सोबत च्युइंगमची एक पट्टी. पोरं दुकानाच्या पायरीवरच ती फाडायची, पट्टी तोंडात टाकायची आणि नको असलेली कार्डं सायकलच्या चाकात अडकवून फटफट आवाज काढत फिरायची. यातूनही जो खोका कुठंतरी जिन्याखाली विसरला गेला आणि तसाच्या तसा राहिला, त्याला आता सोन्याचा भाव. उघडला की संपलं. आतून नामी खेळाडू निघेल किंवा छत्तीस पाकिटांत नुसती खोगीरभरती निघेल. बंद आहे तोवर मात्र त्यात कुणीही असू शकतो. सगळा भाव त्या माहीत नसण्याचा.

आणि आत बघायची सोय नाही म्हणून माणसं बाहेरून बघतात. खोक्याच्या अंगावरचा एकेक डाग, एकेक रेघ, लग्नाच्या मुलीच्या वडिलांनी मुलगा बघावा तशी बघतात. दुकानाची किमतीची चिठ्ठी चिकटलेली असली तर भाव थोडा उतरतो. ती नखानं खरवडून काढायला गेलेल्या शहाण्याचा मात्र चांगलाच उतरतो, कारण तिथं पुठ्ठ्याचं साल निघतं आणि घेणाऱ्याच्या मनात येतं, यानं आणखी काय काय खरवडलं असेल. बॉलपेननं कुणी झाकणावर बेरीज मांडली असेल, तर ती बेरीज घेणारा वजाबाकीत मोजतो. आणि जाड काळी फुली मारलेली असली तर बोलायलाच नको. पडून राहिलेला माल स्वस्तात काढताना कंपनीच ही फुली मारायची, असं काही जण म्हणतात. तो माल पुन्हा परत येऊ नये म्हणून घाऊक व्यापाऱ्यांनी मारली, असं दुसरे म्हणतात. त्या हॉलमध्ये हा वाद इतकी वर्षं चालला होता की तो सुरू करणारे दोघंही वारले, तरी त्यांच्या बाजू घेऊन दुसरे भांडत होते. फुलीचा खोका एक तृतीयांशानं स्वस्त, एवढ्यावर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत होतं.

भाव वाढवणारी खूण एकच होती. खोक्याच्या तळाला, उजव्या कोपऱ्यात, निळ्या पेन्सिलीनं काढलेल्या दोन उभ्या रेघा आणि खाली माशाच्या गळासारखा एक बाक. ही खूण मर्ल हॉस्टेटरची.

मर्ल जन्मभर रेल्वेच्या यार्डात वॅगनतपासनीस होता. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात खडू घेऊन तो मालगाडीच्या कडेनं चालायचा. चाकावर हातोडी मारायची, आवाज ऐकायचा, सांधे बघायचे, आणि वॅगन धड असली की खडूनं आपली खूण मारायची. खूण मारली की ती वॅगन पुढच्या यार्डापर्यंत मर्लच्या नावावर. पेन्शन घेतल्यावर खडू सुटला, पण हाताला खूण मारल्याशिवाय चैन पडेना. त्याला जुन्या कार्डांचा नाद पहिल्यापासूनच होता, आणि यार्डातले लोक त्याला खोका दाखवायचे, "मर्ल, जरा बघ रे, कुणी उघडून परत लावलाय का?"

तो बघायचा. एकेक पाकीट दिव्याखाली धरून मागची घडी तपासायची, मेणाच्या कडेवरून बोट फिरवायचं, नाकाशी न्यायचं, परत होतं त्या जागी ठेवायचं. सगळी झाली की तळाला पेन्सिलीची खूण, वरून जिलेटीनचा कागद, आणि तो घट्ट बसवायला बायकोचं केस वाळवायचं यंत्र. पहिल्यांदा त्यानं खूण मारली तेव्हा खोक्याचा मालक किंचाळलाच होता.

"अरे, खोक्यावर लिहिलंस काय! निम्मी किंमत घालवलीस!"

"मग मी बघितलाय हे मला कळणार कसं?" मर्ल म्हणाला होता.

निम्मी किंमत गेली नाही. उलट पुढं पुढं जॉन्सटाउन, पिट्सबर्गपर्यंतचे लोक खोका हातात घेतला की आधी उलटा करायला लागले. खोके तपासून प्लास्टिकात बंद करून देणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत, पण त्यांना टपालानं खोका पाठवायचा, महिने वाट बघायची. इथं मर्ल समोर बसलेला, कॉफी पीत. त्यानं या कामाचे पैसे कधी घेतले नाहीत. नॉर्ब त्याच्यामागे लागायचा, "फी लाव, म्हाताऱ्या, फी लाव." मर्ल म्हणायचा, "फी घेतली की पावती द्यावी लागते." चर्चच्या स्वयंपाकघरातली कोबी घालून परतलेली शेवयांची बशी, हलुश्की म्हणतात तिला, तेवढी त्याला कुणीतरी आणून द्यायचं. ती मात्र त्यानं गरम कधी खाल्ली नसेल. घास तोंडाशी नेला की समोर खोका यायचाच.

लोकांनी त्याला वेळकाळ ठेवला नाही. फोन करायचे, पायरीवर खोके ठेवून जायचे. त्याची बायको आर्लीन गेली तेव्हा अंत्यदर्शनाच्या रांगेत एकानं त्याचा हात दोन्ही हातांत धरला, "फार वाईट झालं, मर्ल," म्हणाला, आणि त्याच श्वासात, "गाडीत एक एकोणऐंशी सालचा खोका आहे." मर्ल पार्किंगमध्ये जाऊन तो बघून आला. पेन्सिल काळ्या कोटाच्या खिशातच होती.

नॉर्ब एके काळी पावाची गाडी चालवायचा आणि हॉस्टेटरांच्या घरी पाव टाकायचा, तिथली ही ओळख. मर्लनं गाडी चालवणं सोडल्यापासून दर बाजाराला त्याला आणायचं, पोचवायचं काम नॉर्बचं. त्याच्या नादानंच नॉर्बनं दरसाल एकेक करत नऊ खोके जमवले होते. नवाच्या नवांवर निळी खूण. तळघरात जिन्याखाली, जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेले. त्याची बायको रोझान त्या जिन्याला 'फ्लोरिडाचा जिना' म्हणायची. तिचे गुडघे गेले होते, आणि या बर्फात आणखी एक हिवाळा काढायचा नाही, असं तिनं जाहीर केलं होतं. फ्लोरिडात तिच्या बहिणीच्या शेजारी एक लहानसं, लिंबाचं झाड असलेलं घर विकायला होतं. खोके गेले तर ते येत होतं. आणि त्या दिवशी दुपारी क्लीव्हलंडहून नोव्हॉटनी नावाचा व्यापारी ते नऊ खोके घ्यायला येणार होता. फोनवर तो एवढंच म्हणाला होता, "हॉस्टेटरची खूण असेल तर बोलू."

हे सगळं मनात ठेवून, आता खाली वाकलेल्या कर्टकडे बघायला हवं.

कर्ट गुडघ्यावर बसून फुटलेलं पाकीट गोळा करत होता. तो शाळेची बस चालवायचा, त्यामुळं खाली सांडलेलं काहीही न वैतागता उचलायची त्याला सवय होती. च्युइंगमचे तुकडे त्यानं तळहातावर घेतले, कार्डं एकामागून एक उचलली, आणि मधेच थांबला.

"नॉर्ब, हे बघ."

"मला वाकता येत नाही, तू वर ये."

कर्ट वर आला. "च्युइंगमला लागून असलेलं कार्ड कोरं आहे."

"बरं मग. चांगलंच आहे की."

"चांगलं काय? इतक्या वर्षांत च्युइंगमला घाम येतो, लगतच्या कार्डावर त्याचा तपकिरी डाग उमटतो. तो डाग आहे, पण मधल्या कार्डावर आहे." त्यानं ते कार्ड नॉर्बच्या नाकासमोर धरलं. "कुणीतरी हे उघडलंय. चांगली कार्डं काढून घेतलीत, बाकीची कशीही परत कोंबलीत, आणि कागद वरून..." त्याला शब्द सुचेना. "माझ्या खोक्याला कुणीतरी इस्त्री केलीय, नॉर्ब!"

त्यानं खोका उलटा केला. तळाला, उजव्या कोपऱ्यात, दोन रेघा आणि गळ.

नॉर्बला एकदम लिंबाचं झाड दिसलं, आणि ते उपटून कुणीतरी घेऊन चाललेलंही दिसलं. आधी स्वतःचंच दिसलं याची लाजही वाटली त्याला. पण ती जरा नंतर, आणि बेताची. त्याआधी तो वळला आणि इतक्या वर्षांत कुणी बघितला नसेल अशा वेगानं हॉलच्या कोपऱ्यात मर्लच्या टेबलाकडे निघाला. या वेळी वाटेतल्या लोकांनी आपले खोके आपणच छातीशी धरले.

मर्ल हलुश्कीची बशी पुढं घेऊन बसला होता. वर ट्यूबलाइट फडफडत होती. त्याच्याकडे बघून वाटायचं, हा माणूस खुर्चीवर बसलेला नाही, कुणीतरी कोट खुर्चीवर टाकून गेलंय.

"मर्ल, ऐक," नॉर्ब धापा टाकत म्हणाला. "कर्ट एक खोका घेऊन येतोय. इस्त्री केलेला. वर तुझी खूण आहे. पण ती तुझी नाही."

"बघू दे."

"बघायचं काय त्यात? जॉन्सटाउनला नव्हती का खोटी सापडली? दोन रेघा आणि एक गळ, माझी नातही काढेल."

"बघू दे म्हटलं ना."

"तू बघ की. बघायला ना नाही. बघ, आणि 'माझी नाही' म्हण. एवढंच."

मर्लनं काटा बशीत ठेवला आणि त्याच्याकडे असं बघितलं की नॉर्ब स्वतःच्या बुटांकडे, म्हणजे पोटाकडे, बघायला लागला.

तोवर कर्ट आला. त्याच्यामागून अर्धा हॉल आला. आणि त्यांच्याही मागं लांब राखी कोट घातलेला, बुटांवरचा बर्फ झाडत असलेला एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला. नोव्हॉटनी ठरल्यापेक्षा लवकर पोचला होता. नॉर्बनं त्याला कधी बघितलं नव्हतं, पण त्या हॉलमध्ये इस्त्रीचा कोट घालून दुसरं कोण येणार?

मर्लनं खोका पुढं ओढला, चष्मा कपाळावर सरकवला. आणखी दोन पाकिटं काढून घडीवरून बोट फिरवलं. "मेण दोनदा वितळलंय," म्हणाला. मग खोका उलटा करून दिव्याखाली धरला, आणि बराच वेळ तसाच धरून बसला.

"खोटी आहे ना?" नॉर्ब म्हणाला.

"खोटीच असणार," मागून कुणीतरी म्हणालं.

"अलीकडे फार झालंय हे," आणखी एकजण म्हणाला.

गंमत म्हणजे ज्याचा खोका, तो कर्टही म्हणाला, "खोटीच आहे, मर्ल. तुमच्या हातून असं जायचं नाही. मी ज्याच्याकडून घेतला तो तसा बिलंदरच होता. आता वारलाय बिचारा, पण बिलंदर होता."

म्हणजे सगळ्यांनी मिळून दार उघडून धरलं होतं. मर्लनं नुसतं बाहेर पडायचं होतं.

"खूण माझी आहे," मर्ल म्हणाला.

"नीट बघ!" नॉर्बचा आवाज चिरकला.

"नीटच बघितली. हा गळ डावीकडे वळलाय. मी बर्फावर घसरून मनगट मोडून घेतलं, तेव्हापासून माझा गळ डावीकडे जातो. खोटी काढणारे माझ्या जुन्या, चांगल्या खुणेची नक्कल करतात. ही वाकडी कोण कशाला शिकेल?"

मागच्या एकानं आपली टोपी काढली.

"मग तुम्हाला दिसलं कसं नाही?" कर्टनं विचारलं. रागानं नाही, शाळेच्या बसमध्ये ओकलेल्या पोराला विचारावं तसं.

"दिसतच नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. घडी दिसायची नाही, नुसता पांढरा कागद दिसायचा. बोटांवर चालवलं. दोन हिवाळे. मग ऑपरेशन झालं, तेव्हापासून दिसतंय."

"अरे पण मग सांगायचं नाहीस?" नॉर्ब म्हणाला. "निदान मला? दर बाजाराला माझ्या गाडीतून येत होतास!"

"सांगणार होतो." मर्लनं डोळे चोळले. "दर वेळी वाटायचं, आज आलेल्याला परत पाठवायचं. पण तो लांबून आलेला असायचा, तोंडाकडे बघत उभा राहायचा. थकलो होतो रे, नॉर्ब. नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो."

राखी कोट पुढं आला. "मिस्टर कासुनिक कोण?"

सगळ्यांनी पोटाकडे बोट दाखवलं.

"मी नोव्हॉटनी. तुमच्या खोक्यांवर हीच खूण ना?"

"हीच," नॉर्ब म्हणाला. "पण माझे खोके..."

"गळ कुठं वळलाय?"

नॉर्बला पाठ होतं. काल संध्याकाळीच त्यानं आणि रोझाननं एकेक खोका ब्लँकेटमधून काढून मऊ फडक्यानं पुसला होता, आणि रोझान म्हणाली होती, "या पाचांवरची खूण बघ, किती प्रेमळ दिसते, मान कलवल्यासारखी."

"चार सरळ आहेत," नॉर्ब म्हणाला.

"आणि पाच?"

नॉर्बनं आपलीच मान डावीकडे कलती करून दाखवली.

"त्या पाचांतले सगळे काही त्या दोन हिवाळ्यांतले नसतील," मर्ल म्हणाला. "मनगट आधी मोडलं. डोळे मागून गेले."

"कुठले कुठले आहेत?" नोव्हॉटनीनं विचारलं.

"मी तारीख घालत नाही."

नोव्हॉटनीनं मान हलवली. माणूस वाईट नव्हता. त्यालाही लांब गाडी चालवून यावं लागलं होतं. "मिस्टर कासुनिक, सकाळपर्यंत ही खूण म्हणजे वरचा भाव होता. आता ती म्हणजे कुणीतरी खोक्यावर पेन्सिलीनं गिरबटलंय, एवढंच. फुलीच्या भावात घेईन. सगळे नऊ."

"सरळ गळवालेसुद्धा?"

"दुकानात येणाऱ्या माणसाला मी सरळ आणि वाकडा गळ शिकवत बसू का? तो खोका उलटा करणार, निळं दिसणार, आणि खाली ठेवणार." त्यानं खिशातून आपलं नावपत्त्याचं कार्ड काढून नॉर्बच्या हातात दिलं. "विचार करा. आठवडाभर माझं बोलणं कायम." जाताना त्यानं परडीतला शेवटचा डोनट उचलला.

फुलीच्या भावात लिंबाचं झाड येत नव्हतं. नॉर्बला हिशोब करावा लागला नाही. हॉलमधल्या बाकीच्यांच्याही घरी निळ्या खुणेचे खोके होते. एकेकाचा चेहरा उतरत गेला तसं ते कळत गेलं. कुणी मर्लला काही बोललं नाही. पण त्याच्या टेबलाभोवतीची माणसं पांगली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर कुणीही खोका घेऊन उभं नव्हतं. मर्लनं काटा उचलला. हलुश्की गारच झाली होती, पण त्यानं ती शांतपणे संपवली.

मग तो म्हणाला, "नॉर्ब, टेबलाखालची माझी पिशवी दे. कर्ट, तू जाऊ नकोस."

पिशवीतून त्यानं एक खोका काढला. सत्त्याहत्तर सालचा, कडा करकरीत, झाकणावरचे रंग कालच छापल्यासारखे. नॉर्बनं तो एकदाच, मर्लच्या घरी, काचेच्या कपाटात बघितला होता.

"हा मी औषधाच्या दुकानातून स्वतः आणलेला. त्यानंतर माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. आज सहज दाखवायला आणला होता. घे."

"नको, मर्ल," कर्ट म्हणाला. "अहो, काय हे! माझा त्याच्या निम्म्याचाही नव्हता."

"यार्डात वॅगन वाटेत बसली की आधी विचारायचे, खडू कुणाचा? घे म्हणतो ना. मला धरून बसायचा कंटाळा आलाय."

कर्टनं खोका घेतला. दोन्ही हातांनी, तान्हं बाळ घ्यावं तसा. इकडून बघितला, तिकडून बघितला, आणि मग सवयीनं उलटा केला.

"मर्ल," तो चाचरत म्हणाला, "यावर खूण नाहीये."

"नाहीये."

"म्हणजे, मला तुमच्यावर विश्वास आहेच. पण उद्या कुणाला दाखवायचा म्हटलं तर..." तो लाजून लाल झाला. "मारता का एक?"

मर्लनं कोटाच्या खिशात हात घालून ती निळी पेन्सिल काढली, तासून तासून बोटाच्या दोन पेरांएवढी राहिलेली, आणि कर्टच्या खोक्यावर ठेवली.

"तूच मार."

हॉलमध्ये कुणीतरी फसकन हसलं. नॉर्बलाही हसू आलं, आणि आलं म्हणून त्याला स्वतःचाच राग आला.

नॉर्ब गाडीतून मर्लला घरी सोडायला निघाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ढकललेल्या बर्फाचे काळपट ढीग होते, वायपर रडत होते. नॉर्बचा फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा रोझान होती. त्यानं घेतला नाही.

"एक शब्द होता, मर्ल," तो शेवटी म्हणाला. "नाही. बास. कर्टसुद्धा तेच म्हणत होता. त्याचं जे व्हायचं ते झालंच होतं, तुझ्या हो म्हणण्यानं त्याची कार्डं काही परत येणार नव्हती."

मर्ल डोळे मिटून बसला होता. झोपलाय असं वाटलं.

"आणि त्याला तू खोका दिलास. ठीक आहे. पण आमचं काय? माझ्या नऊ खोक्यांच्या बदल्यात तुझ्याकडे नऊ खोके आहेत का?"

"नाहीत," मर्ल डोळे न उघडता म्हणाला.

"रोझानला काय सांगू मी? तिनं बहिणीला पडद्यांचं मापसुद्धा विचारून ठेवलंय."

"झालं ते सांग."

"झालं ते! तुझं बरंय. तू तिला भेटणार नाहीस."

"मीही येतो पाहिजे तर. आजच जाऊ."

हे तो मनापासून म्हणाला, आणि त्यामुळं नॉर्बची सगळी पंचाईत झाली. भांडायचं तर समोरचा भांडायला हवा. शिवाय रोझानचा मर्लवर जीव. ती आधी त्याला खायला वाढेल, त्याच्या गार हातांना हात लावेल, आणि मग स्वयंपाकघरात नॉर्बला गाठून विचारेल, तुझा पाय त्या पाकिटावर पडलाच कसा?

"नको," तो म्हणाला. "तू झोप जरा."

मर्लच्या घरासमोर त्यानं गाडी लावली. दगडी पायऱ्यांवर बर्फाचा पातळ थर धरला होता. नॉर्ब आधी उतरला, फिरून पलीकडे आला, आणि मर्लला हाताला धरून बाहेर काढलं. रागावलेला माणूस दुसऱ्याला जितक्या सांभाळून धरू शकतो त्याहून जरा जास्तच सांभाळून. पायऱ्या चढताना दोघंही धापा टाकत होते. एक वयानं, एक वजनानं. दाराशी पोचल्यावर मर्ल किल्ली शोधायला लागला. रिकामी पिशवी त्याच्या मनगटावर लोंबत होती.

नॉर्बला निघायचं होतं, पण निघवेना. घरी जिन्याखाली नऊ खोके होते, वर रोझान होती. विकावेत तर मातीमोल, ठेवावेत तर कशासाठी, आणि त्यातले खरे किती, खोटे किती हे जगात एकाच माणसाला माहीत असायला हवं होतं, तर त्यालाही माहीत नव्हतं.

"मर्ल," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग उरला नव्हता, नुसती विनवणी होती. "तूच सांग. माझ्या त्या नऊ खोक्यांचं मी आता करू तरी काय?"

मर्लला किल्ली सापडली. त्यानं ती कुलपात घातली, फिरवली, आणि मागं न बघता म्हणाला,

"उघडून बघ."